तांड्यावरचा कशिदा आणि उद्योगाचा बोलबाला

'सांस्कृतिक उद्योग' हा शब्द हल्लीं सभासंमेलनांतून आणि सरकारी योजनांतून वारंवार कानांवर पडूं लागला आहे. ज्या जमातींना आपण पिढ्यान्‌पिढ्या गांवकुसाबाहेर ठेविलें, त्यांच्याजवळ म्हणे कलेचें मोठें धन आहे. तें बाजारांत आणिलें कीं त्यांचें दारिद्र्य फिटलेंच! असें म्हणणाऱ्यांचा हेतु वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु बीड जिल्ह्यांतील केजसारख्या तालुक्यास ही विचारसरणी लावून पाहिली म्हणजे तींतून एक मूळ गोष्टच गळून गेलेली दिसते. सुई धरणारा हात कोणाकडे गहाण पडला आहे, हें कोणी विचारीतच नाहीं.

बालाघाटच्या पठारावरील या भागांत बंजाऱ्यांचे तांडे आहेत. या तांड्यांवरच्या जुन्या बायकांचा पेहराव ज्यांनीं जवळून पाहिला असेल त्यांना त्यांतील कसब निराळें सांगावयास नको. फेटिया म्हणजे घेरदार घागरा. कांचळी म्हणजे पाठीवर बंदांनीं बांधावयाची चोळी. तिच्यावर बारीक टांक्यांत बसविलेलीं भिंगें, कवड्या, नाणीं. लग्नाच्या मुलीसाठीं डोक्यावरच्या चुंबळीला जोडलेला कवड्यांचा 'फुलिया गणो' आई स्वतः शिवीत असे. हें काम घाईचें नव्हे. घरचें आटोपून दुपारीं चार बायका एकत्र बसल्या, एकीनें गाणें म्हटलें, दुसरीनें टांका दाखविला, अशा रीतीनें तें वर्षभर चालत असे. आतां तरुण मुली साडी नेसतात, आणि जुना घागरा पेटींत पडून राहतो. त्यांत शोक करण्यासारखें आम्हांस कांहीं वाटत नाहीं. कोणी काय नेसावें हा ज्याचा त्याचा प्रश्न. शोक करावयाचा तो त्या दुपारींबद्दल.

कारण त्या दुपारी गेल्या कोठें? दिवाळी आटोपते न आटोपते तोंच ट्रक लागतात आणि केज, धारूर, वडवणी, पाटोदा या भागांतील हजारों कुटुंबें भांडींकुंडीं व पोरेंबाळें घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात. तीं परत येतात तेव्हां उन्हाळा लागलेला असतो. या व्यवहाराची गोम अशी कीं पावसाळ्यांत घरांत दाणा नसतो त्या वेळीं मुकादम रोख उचल देतो, आणि पुढचे पांच-सहा महिने ती अंगमेहनतीनें फेडावयाची असते. नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. उचल बहुधा पुरुषाच्या हातीं पडते. बाई पहांटे उठून भाकऱ्या भाजते, दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावरून वाहते. तरी हिशेबाच्या वहींत तिचें निराळें नांव नसतें. आजारी पडून खाडा झाला तर दंड निराळाच. २०१९ साली शासनाच्या समितीनें बीड जिल्ह्यांतील ऊसतोडणी करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी केली, तेव्हां त्यांपैकीं १३,८६१ जणींचीं गर्भाशयें काढून टाकलेलीं आढळलीं. एवढ्या एका आंकड्यापुढें कशिद्याच्या प्रदर्शनांचीं सुबक निमंत्रणपत्रें आमच्यानें वाचवत नाहींत.

'म्हणूनच तर उद्योग हवा,' असें यावर उत्तर मिळेल. ठीक; पण कोणता? आजवरच्या बहुतेक योजनांत बाईनें आधीं कापड शिवावें, मग तें प्रदर्शनांत मांडावें, मग खपलें तर पैसे, असा क्रम असतो. मुकादम मात्र आषाढ-श्रावणांतच नोटा मोजून देतो. भुकेल्या घरानें यांपैकीं कोणाचें ऐकावें? सावकारी ज्या ऋतूंत चालते त्या ऋतूंत जो उद्योग पैसा पुढें करीत नाहीं, तो ऊसतोडीशीं स्पर्धा करूंच शकत नाहीं. राहतें तें असें कीं उन्हाळ्यांत थकून परतलेल्या बाईनें उरल्या वेळांत रुमाल शिवावे आणि त्याला आपण 'संस्कृतीचें पुनरुज्जीवन' म्हणावें.

दुसरी गोष्ट सरकारी खात्यांची. एकच बंजारा समाज तेलंगणांत अनुसूचित जमात, कर्नाटकांत अनुसूचित जाति आणि महाराष्ट्रांत विमुक्त जाति गणला जातो. त्यामुळें आदिवासींच्या मालाच्या विक्रीसाठीं १९८७ साली स्थापन झालेल्या 'ट्रायफेड'सारख्या संस्थेचें दार केजच्या बाईला आपोआप उघडें होत नाहीं. सीमेपलीकडे कर्नाटकांत संडूरच्या लंबाणी कशिद्याला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालें, आणि २०२३ साली हंपी येथें त्या कशिद्याच्या १,७५५ वस्तु एके ठिकाणीं मांडून जागतिक विक्रमहि नोंदविला गेला. त्या कारागीर स्त्रियांचें कौतुक आम्हांसहि आहे. मात्र विक्रम मांडलेल्या वस्तूंचा असतो. शिवणारणीला काय मिळालें याची नोंद विक्रमाच्या पुस्तकांत होत नाहीं.

मानांकनाचा आपल्याकडे फार गवगवा होतो, म्हणून त्याविषयीं थोडें स्पष्ट बोललें पाहिजे. १९९९ च्या कायद्यानें रक्षण होतें तें नांवाचें. त्या नांवाखालीं माल विकावयाचा तर कारागिरानें अधिकृत वापरकर्ता म्हणून निराळी नोंद करावी लागते. तीच नक्षी कोणी यंत्रावर काढून निराळ्या नांवानें विकली तर या कायद्याचा हात तेथवर सहसा पोहोंचत नाहीं. वारली चित्रकलेला २०१४ साली मानांकन मिळालें. तरी चहाच्या कपांवर आणि पडद्यांवर छापलेल्या 'वारली' आकृत्यांपैकीं किती वारल्यांच्या हातच्या असतात, तें वाचकांनीं आपल्याच घरांत पाहावें. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून मानांकन असूनहि जून २०२५ मध्यें 'प्राडा' या इटालियन पेढीनें मिलान येथें तशाच घाटाचीं पादत्राणें कोल्हापूरचें नांवहि न घेतां मिरविलीं. येथें ओरड झाल्यावर मग त्या पेढीनें मूळ मान्य केलें.

याउलट तैवान बेटावरील मूलनिवासी जमातींसाठीं तेथील शासनानें २००७ साली जो कायदा केला, त्यांत नक्षी, गाणें, नृत्य यांवरचा हक्क खुद्द जमातीच्या नांवें नोंदविण्याची सोय आहे, आणि त्यापासून येणारें उत्पन्न जमातीच्या सामाईक निधींत जावें असें ठरविलें आहे. तेथें सर्व आबादीआबाद आहे असें नाहीं. पण धनी कोण, हा प्रश्न तेथें निदान कायद्यानें विचारला. आपण तो अजून विचारलेला नाहीं.

कला विकली म्हणजे ती बाटली, असें म्हणणारा एक पक्ष आमच्या वाचकांतहि आहे. त्याला एवढेंच सांगावयाचें कीं बंजाऱ्यांना बाजाराचा विटाळ शिकवूं नये. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून त्यांनीं एके काळीं फौजांच्या छावण्या पोसल्या. रेल्वे व पक्के रस्ते आल्यावर तो व्यापार बुडाला. वर १८७१ च्या कायद्याच्या आधारें ब्रिटिश मुलुखांत ठिकठिकाणीं त्यांना गुन्हेगार जमात ठरविण्यांत आलें, आणि तो शिक्का पुसावयास १९५२ साल उजाडावें लागलें. अशा लोकांना 'उद्योजकता' शिकविण्याचे वर्ग काढणें म्हणजे कोळ्याला पोहावयास शिकविणें होय. त्यांना उणें आहे तें भांडवल. आणि तेंहि गळ्याला फास न लावणारें.

म्हणून कशिद्याच्या उद्योगासाठीं ज्यांना खरोखर कांहीं करावयाचें आहे, त्यांनीं कापड, भिंगें आणि मजुरीची आगाऊ रक्कम बाईच्या स्वतःच्या खात्यावर, तिच्या स्वतःच्या नांवें द्यावी. माल खपला नाहीं तर तोटा संस्थेनें सोसावा. बाईच्या डोक्यावर तो बसूं नये. नक्षीची मालकी तांड्यांच्या सहकारी संस्थेकडे असावी आणि तिच्या वहींत प्रत्येक शिवणारणीचें नांव असावें. आणि हें सारें हंपीसारख्या एखाद्या मोठ्या मांडणीची तारीख ठरविण्यापूर्वीं व्हावें. आषाढांत, मुकादमाची गाडी केजच्या तांड्यावर येण्याच्या आंत.