लळा नको, माया हवी

सोयाबीनची कापणी सुरू झाली की आर्वीच्या आसपासच्या शेतांत एक गोष्ट हटकून घडते. विळा चालवता चालवता एखादीच्या पुढ्यात सशाचं पिलू येतं, कधी धुऱ्याच्या गवतात हरणाचं पाडस दबून बसलेलं दिसतं. "याची माय काही दिसून नाही राहिली," असं म्हणत ते पदरात गुंडाळलं जातं आणि संध्याकाळी घरी येतं. पोरं खूश! वाटीत गाईचं दूध, कापसाचा बोळा. दोन-तीन दिवसांत पिलू मान टाकतं आणि सगळं घर हळहळतं.

मैत्रिणींनो, आपली माया खोटी नसते. पण बहुतेक वेळा ते पिलू पोरकंही नसतं. हरणी चरायला जाताना पाडसाला गवतात लपवते आणि दूध पाजायला परत येते. सशाची मादीसुद्धा दिवसभर पिलांजवळ थांबत नाही. थांबली तर कोल्ह्या-कुत्र्यांना पत्ता लागेल ना!

जुन्नर भागात ऊसतोडीच्या वेळी बिबट्याची बछडी सापडतात. तिथे माणिकडोहला बिबट्यांचं केंद्र आहे. पिलं धडधाकट असली तर ती संध्याकाळी त्याच शेतात खोक्यात ठेवली जातात. कितीदा तरी रात्री मादी येते आणि एकेक पिलू तोंडात धरून घेऊन जाते. आई तिथेच कुठेतरी वाट बघत असते.

पिलू जखमी असेल, कुत्र्याने धरलेलं असेल किंवा आई मेलेली दिसली, तर मात्र उचलायलाच हवं. हवेसाठी भोकं पाडलेला खर्ड्याचा डबा घ्या, आत सुती कापड अंथरा आणि अंधारात, शांत जागी ठेवा. तोंडात दूध-पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. बघायला गल्ली गोळा करू नका; हरणासारखं जनावर भीतीनेही मरतं. मोठ्या जनावराच्या, सापाच्या, माकडाच्या जवळ जाऊच नका. वनखात्याच्या 1926 या नंबरवर फोन करा. वर्ध्याजवळ पिपरी (मेघे) इथे पीपल फॉर अ‍ॅनिमल्सचा करुणाश्रम आहे. जखमी वन्यजीवांवर तिथे उपचार होतात. आर्वीहून तो 50 किलोमीटरहून जास्त लांब आहे, म्हणूनच फोन लवकर व्हायला हवा.

कायदाही ध्यानात ठेवा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार असं जनावर ताब्यात आलं तर 48 तासांत वनखात्याला किंवा पोलिसांना कळवावं लागतं. घरी पाळणं हा गुन्हा आहे.

"हेमलकशाला डॉ. प्रकाश आणि मंदाताई आमटेंनी नाही का पिलं वाढवली?" असं कुणी विचारेल. वाढवली. पण ती पिलं शिकारीत आई मारली गेलेली, खरोखरच पोरकी होती. आणि ते घर डॉक्टरांचं होतं. त्यांनी आयुष्यभर निभावलं, आपण चार दिवस कौतुक करतो.

दुसरा सवाल जास्त कडू आहे. "रोह्यानं आमची तूर खाल्ली, रानडुकरानं चणा उकरला. त्याच्याच पिलासाठी आम्ही धावायचं?" हा राग खरा आहे. रात्र-रात्र जागल करणाऱ्या घरालाच तो कळतो. नुकसानीचा पंचनामा आणि भरपाई हा आपला हक्क आहे, तो भांडून मागावाच. पण कुंपणात करंट सोडून तो राग काढता येत नाही. त्या तारेला उद्या आपलंच लेकरू चिकटू शकतं. कठडा नसलेल्या विहिरीचंही तेच. तिच्यात रोही पडतो, तशी पाण्याला गेलेली बाईसुद्धा पडते. कठडा बांधला तर दोघांचा जीव वाचतो.

लेकीला वाढवून सासरी पाठवताना पोटात काय कालवतं, ते आपल्याला कोणी शिकवायला नको. रानाच्या लेकराला तर आपण वाढवायचंही नाही. बरं वाटेपर्यंत जाणत्या हातांत द्यायचं आणि त्याच्या रानात जाऊ द्यायचं. यंदा कापणीला निघताना शिदोरीबरोबर तेवढा 1926 नंबर मोबाईलमध्ये घेऊन निघा.