श्रेयाच्या एका वाक्याची वीस वर्षे

आजच्या धाग्यात गड नाही, तह नाही, तलवार तर नाहीच. आहे तो एक परवाना: संगणकीय संहितेच्या माथ्यावर लिहिलेला, एखाद्या पानात मावेल एवढा मजकूर. त्यातील एका कलमाने मुक्त सॉफ्टवेअर बांधणाऱ्या लोकांना 1998 पासून 2021 पर्यंत दोन तटांत विभागून ठेवले. माझे मत आधीच सांगून टाकतो. या वादात ज्यांना शब्दांचा कीस काढणारे म्हणून हिणवले गेले, त्यांचीच बाजू अधिक खरी होती. मात्र त्या खरेपणाची किंमत मोठी होती, आणि ती सुरक्षिततेला मोजावी लागली.

प्रथम एक अवशेष पाहू. 'डेबियन' ही 1993 साली सुरू झालेली, स्वयंसेवकांनी चालवलेली लिनक्स वितरणप्रणाली. तिच्या भांडारात 'कर्ल' नावाची लायब्ररी आहे. जाळ्यावरून माहितीची ने-आण करणे हे तिचे काम. या एकाच लायब्ररीची डेबियनने वर्षानुवर्षे तीन पॅकेजे बांधली: एक ओपनएसएसएलला जोडलेले, दुसरे ग्नूटीएलएसला, तिसरे एनएसएसला. संहिता एक, काम एक, आणि रूपे तीन! उत्खननात एकाच घरात शेजारीशेजारी तीन विहिरी सापडल्या तर आपण काय विचारू? पाणी तेच असताना तीन कशाला? इथे उत्तर तंत्रज्ञानात सापडत नाही. ते कायद्यात सापडते.

त्यासाठी 1995 च्या ऑस्ट्रेलियात जावे लागते. नेटस्केप कंपनीने ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील संवाद गुप्त ठेवण्यासाठी एसएसएल ही पद्धत आणली होती. पण अमेरिकेच्या कायद्याने बळकट कूटलेखन तेव्हा शस्त्रास्त्रांच्या यादीत धरलेले होते. परदेशी ग्राहकांना 40 बिटांच्या किल्लीचे दुबळे रूप मिळे. फिल झिमरमन यांनी 1991 मध्ये पीजीपी हा कूटलेखनाचा प्रोग्रॅम खुला केला, तेव्हा त्यांच्यामागे फौजदारी चौकशी लागली. ती 1996 च्या जानेवारीत थांबली. अशा काळात एरिक यंग आणि टिम हडसन या दोघांनी, अमेरिकी कायद्याच्या कक्षेबाहेर राहून, एसएसएलची स्वतंत्र आणि सर्वांना खुली अशी लायब्ररी लिहिली. तिचे नाव 'एसएसएलईएवाय'. शेवटची तीन अक्षरे म्हणजे यंग यांच्या नावाची आद्याक्षरे.

डेबियनलाही याच कायद्यामुळे आपले भांडार दुभंगावे लागले होते. कूटलेखनाची पॅकेजे अमेरिकेबाहेरील सर्व्हरांवर, 'नॉन-यूएस' नावाच्या वेगळ्या कोठारात ठेवली जात. 2000 च्या जानेवारीत अमेरिकेने नियम सैल केले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आरएसए पद्धतीचे पेटंटही संपले. 2002 च्या जुलैमध्ये आलेल्या डेबियन 3.0 मध्ये ही पॅकेजे प्रथमच मुख्य भांडारात नांदू लागली. म्हणजे सरकारने उभारलेली भिंत पडली. लेखकांनी स्वतःच्या हाताने उभारलेली मात्र तशीच राहिली.

ती भिंत परवान्यात होती. यंग यांनी आपल्या संहितेला बर्कली विद्यापीठाच्या बीएसडी परवान्याच्या धर्तीवरचा परवाना दिला. वापरा, बदला, विका, सगळे मान्य. अट एवढीच की या सॉफ्टवेअरच्या वैशिष्ट्यांचा किंवा वापराचा उल्लेख जाहिरातीत आला, तर हे एरिक यंग यांनी लिहिले आहे असे वाक्य त्या जाहिरातीत छापावे. मागणी रास्तच वाटते, नाही का? लिहिणाऱ्याने श्रेय मागावे यात पाप कसले? पण शेवटी आणखी एक वाक्य होते: या संहितेच्या कोणत्याही सार्वजनिक आवृत्तीचा परवाना बदलता येणार नाही, तिला दुसरा परवाना लावता येणार नाही, आणि 'दुसरा' म्हणजे कोणता, तर ग्नूच्या परवान्याचे नाव घेऊनच ते सांगितले होते. शिलाहारकालीन दानलेखांखालचे गद्धेगाळ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही वृत्ती ओळखीची वाटेल. चंद्रसूर्य असेतो हे दान चालावे, आणि जो मोडेल त्याला शाप.

1998 च्या अखेरीस यंग आणि हडसन आरएसए कंपनीकडे गेले. मागे राहिलेल्या मंडळींनी त्या संहितेवरून 'ओपनएसएसएल' उभे केले. त्यांनी स्वतःचा परवाना वर जोडला, त्यातही असेच श्रेयाचे कलम घातले, आणि जुना परवाना खाली तसाच ठेवला. तो बदलण्याचा हक्क त्यांना नव्हताच. गंमत अशी की ज्या बर्कलीकडून ही चाल उचलली होती, त्या विद्यापीठाने 1999 च्या जुलैमध्ये आपल्या परवान्यातून जाहिरातीचे कलम काढून टाकले. त्याआधी रिचर्ड स्टॉलमन यांनी 1997 च्या एका नेटबीएसडी आवृत्तीत अशी वेगवेगळी 75 श्रेयवाक्ये मोजली होती. एका जाहिरातीत 75 वाक्ये! मूळ घराने चाल सोडली, पाहुण्यांकडे ती टिकली.

आता दुसरी बाजू. स्टॉलमन यांच्या ग्नू सार्वजनिक परवान्याची, म्हणजे जीपीएलची, दुसरी आवृत्ती 1991 ची. तिचे सहावे कलम सांगते की ही संहिता पुढे देताना घेणाऱ्यावर कोणतीही अधिकची बंधने लादू नका. श्रेयाचे वाक्य कितीही लहान असले तरी ते अधिकचे बंधनच. मग जीपीएलचा प्रोग्रॅम ओपनएसएसएलला जोडून दोन्ही एकत्र वाटले, की वाटणारा एका परवान्याचा भंग करतो. जीपीएलने एक पळवाट ठेवली होती खरी: कार्यप्रणालीचे मुख्य घटक या हिशेबातून वगळले होते. पण त्याच वाक्याच्या शेपटीत पुस्ती होती की तो घटक प्रोग्रॅमच्या सोबतीने दिला जात असेल तर सवलत नाही. डेबियन तर सारे काही एकाच भांडारातून देणार! तेव्हा डेबियनने अर्थ लावला की ही सवलत आपल्याला लागू नाही. रेड हॅटच्या गोटातील फेडोराने तोच मजकूर वाचून उलट अर्थ काढला: ओपनएसएसएल हा प्रणालीचाच भाग, चिंता नसावी.

मला डेबियनचे वाचन अधिक प्रामाणिक वाटते. मुक्त सॉफ्टवेअरच्या मागे सैन्य नाही, खजिना नाही. परवान्यातील शब्द हाच त्याचा सगळा आधार. उद्या एखाद्या कंपनीने जीपीएल मोडला तर आपण तिला कोणत्या तोंडाने जाब विचारणार, जर आपणच गैरसोयीचे कलम आले की डोळे मिटत असू? सनद पुढे करणाऱ्याने ती सोयीच्या जागीच वाचायची, ही रीत नव्हे.

परिणाम मात्र क्लेशकारक झाले. पॅकेज बांधणाऱ्या स्वयंसेवकांना मूळ लेखकांकडे पत्रे पाठवून 'ओपनएसएसएलला जोडण्यास आमची हरकत नाही' असा अपवाद लिहून मागावा लागे. काहींनी तो दिला. फाइली उतरवणाऱ्या 'डब्ल्यूगेट'च्या परवान्यात तो आहे. पण ज्या प्रकल्पात शेकडो जणांचा हात लागला, तिथे प्रत्येकाची संमती कोण गोळा करणार? एखाद्याचा ईमेल पत्ता बंद झालेला असतो, एखादा हयातच नसतो. मग दुसरा मार्ग उरला तो ग्नूटीएलएसचा. निकोस मावरोयान्नोपुलोस यांनी 2000 च्या सुमारास सुरू केलेली ही लायब्ररी जीपीएलशी जुळणाऱ्या परवान्याची होती. डेबियनने अनेक प्रोग्रॅम तिच्याकडे वळवले. त्यातील ओपनएलडॅपचे उदाहरण बोलके आहे: मूळ प्रकल्प ओपनएसएसएल गृहीत धरून लिहिलेला, डेबियनमध्ये तो ग्नूटीएलएसवर चाले, आणि त्या प्रकल्पाचे प्रमुख शिल्पकार हॉवर्ड चू यांनी 2008 मध्ये ग्नूटीएलएसच्या संहितेवर जाहीरपणे सडकून टीका केली. त्यातही दैवदुर्विलास पाहा. 2011 च्या तिसऱ्या आवृत्तीत ग्नूटीएलएसने स्वतःचा परवाना नव्या तिसऱ्या पिढीचा केला आणि ज्या प्रोग्रॅमांचा परवाना 'फक्त जीपीएल दुसरी आवृत्ती' असा होता, त्यांना आगीतून फुफाट्यात लोटले. 2013 मध्ये तो बदल मागे घेण्यात आला.

कोणी म्हणेल, निदान सगळी अंडी एका टोपलीत राहिली नाहीत. 2014 च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएलमधील 'हार्टब्लीड' हा दोष उघड झाला, तेव्हा ग्नूटीएलएसला जोडलेले प्रोग्रॅम त्यातून सुटले, हे खरे. पण त्याच्या महिनाभर आधी, मार्चमध्ये, ग्नूटीएलएसमध्ये बनावट प्रमाणपत्रे खरी मानली जातील असा दोष सापडला होता. दोन लायब्रऱ्या होत्या, पण दोन्ही राखायला पुरेसे हात नव्हते. ज्या ओपनएसएसएलवर जगाचे व्यवहार चालत, त्याच्या संस्थेला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या 2000 डॉलरच्या आसपास होत्या. परवान्यांची गणिते सोडवण्यात गेलेले तास संहिता तपासण्यात गेले असते तर? इतिहासात 'जर-तर' करू नये म्हणतात, पण इथे तो मोह आवरत नाही.

आणि हो, परवान्याचे अक्षर न अक्षर वाचणाऱ्या याच डेबियनमध्ये 2006 साली ओपनएसएसएलच्या संहितेतील यादृच्छिकतेशी संबंधित ओळी, एका तपासणी साधनाची तक्रार थांबावी म्हणून, काढल्या गेल्या. 2008 च्या मेमध्ये लुचानो बेल्लो यांनी तो प्रकार उघडकीस आणेपर्यंत, प्रत्येक प्रकारच्या यंत्रावर एका लांबीच्या जेमतेम 32,768 वेगवेगळ्या किल्ल्या तयार होऊ शकत होत्या. परवाना जितक्या बारकाईने वाचला तितकी संहिता वाचली गेली नाही, हा आक्षेप डेबियनच्या चाहत्यांनी सोसलाच पाहिजे.

हार्टब्लीडनंतर पैसा आला, माणसे आली, आणि 2015 मध्ये ओपनएसएसएलने अपाचे 2.0 परवान्याकडे जाण्याचा मनोदय जाहीर केला. 2017 च्या मार्चमध्ये सुमारे 400 योगदात्यांना ईमेल गेले. त्यांत एक वाक्य असे होते की उत्तर आले नाही तर तुमची हरकत नाही असे समजू. मौन म्हणजे संमती! दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूबाबत हा न्याय कोणत्याही काळात चालू नये, आणि ओपनबीएसडीचे थिओ डी राट यांच्यासह अनेकांनी तसे खडसावले. पुढे प्रकल्पाने बेपत्ता योगदात्यांचा जाहीर शोध घेतला, नकार देणाऱ्यांची संहिता काढून टाकली. एव्हाना टिम हडसनही ओपनएसएसएलच्या कारभारात परतले होते. 7 सप्टेंबर 2021 रोजी आवृत्ती 3.0 अपाचे परवान्याखाली आली. त्याआधीच, 2020 मध्ये, डेबियनने आपले जुने वाचन सैल करून ओपनएसएसएलला प्रणालीचा घटक मानायला सुरुवात केली होती. जीपीएलचा मजकूर 1991 पासून एका स्वल्पविरामानेही बदलला नव्हता. बदलले ते वाचणारे. आणि ते थकलेले होते, असे मला वाटते.

एवढ्याने तंटा मिटला असे मात्र नाही. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते अपाचे 2.0 जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीशी जुळतो, 'फक्त दुसरी' असणाऱ्यांशी नाही. आणि ज्यांना एरिक यंग यांचे मूळ कलम अस्सल रूपात वाचायचे असेल, त्यांनी लिबरएसएसएलच्या फाइली उघडाव्यात. ओपनबीएसडीने 2014 मध्ये ती शाखा वेगळी केली. पुढचे परवानाबदल तिथवर पोचले नाहीत. तिथे ते वाक्य अजून, ज्या शब्दांत लिहिले गेले त्याच शब्दांत, संहितेच्या माथ्यावर आहे.