दोष चाहत्यांचा कीं घराचा?

आवडत्या कादंबरीचे, चित्रपटाचे वा मालिकेचे चाहते आंतरजालावर जमतात, त्यांतील पात्रांवर खल करतात, स्वतः नव्या कथा रचतात आणि पुष्कळदां हातघाईवर येतात. हें पाहून ‘नव्या पिढीची रसिकता गेली, उर्मटपणा तेवढा उरला’ असा निवाडा देणारे पंडित हल्लीं पैशाला पासरी मिळतात. आम्ही त्यांना इतकेंच विचारतों: ज्या घरांत हे लोक बसतात, त्याची बांधणी आपण कधीं पाहिली आहे काय?

१९९९ सालीं निघालेल्या लाइव्हजर्नलवर एके काळीं इंग्रजी चाहत्यांचा मोठा मेळा भरे. तेथें ज्याची त्याची रोजनिशी असे, लेखाखालीं उत्तर व उत्तराखालीं प्रत्युत्तर ओळीनें लागे, आणि हवें तर लेख स्नेह्यांपुरता राखतां येई. भांडणें तेथेंही होत. पण कोण कशावरून काय बोललें, हें मागून येणाऱ्यास वाचून कळे. २००७ सालच्या टंबलरवर उत्तर द्यावयाचें म्हणजे बहुधा मूळ मजकूर उचलून आपल्या अंगणांत लावावयाचा. तेथून तो तिसऱ्याकडे जातो. लेखकानें मागाहून चूक सुधारली, तरी आधींच्या प्रती तशाच फिरत राहतात. ट्विटरनें, म्हणजे आतांच्या एक्सनें, २०१७ पर्यंत १४० अक्षरांची मर्यादा ठेविली. मग ती २८० केली. एवढ्या जागेंत निषेध मावतो, ‘परंतु’ मावत नाहीं.

कोणी म्हणेल, जीभ आवरणें माणसाच्याच हातीं ना? आहे, परंतु ओसरीवर हळू बोलणारा मनुष्यच भर बाजारांत ओरडतो, हें कोणास ठाऊक नाहीं?

शिवाय घरमालकाची लहर आहेच. २००७ सालीं लाइव्हजर्नलनें शेंकडों रोजनिशा एकाएकीं बंद केल्या. त्यांत चाहत्यांच्याही होत्या, आणि कांहीं मागाहून परत द्याव्या लागल्या. २०१८ च्या डिसेंबरांत टंबलरनें प्रौढांसाठींच्या चित्रांवर बंदी घातली. त्या फेऱ्यांत निरुपद्रवी चित्रेंही सांपडलीं.

उर्मट म्हणून हिणविलेल्या याच चाहत्यांनीं २००७ सालीं स्वतःची संस्था काढली, आणि २००९ मध्यें ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हें कथांचें भांडार सर्वांस खुलें केलें. तें स्वयंसेवकांच्या श्रमांवर व देणग्यांवर चालतें. तेथें जाहिरात नाहीं. मात्र तें ग्रंथालय आहे, गप्पांची ओसरी नव्हे. चाहत्यांचें बोलणेंचालणें अजून बव्हंशीं परक्यांच्याच जागेंत चालतें. पंडितांनीं शिष्टाचाराचीं प्रवचनें थांबवून अशी ओसरी उभारण्याच्या कामीं हात लावावा. तीही बांधून दिल्यावर भांडणें न थांबलीं, तर खुशाल चाहत्यांस दोष द्यावा.