‘चेतावनी’ आणि आमची लाल शाई

राजुऱ्यात मराठी शिकवणाऱ्या माणसाने रॅपच्या अल्बमवर लिहावे, याचे काही सहकाऱ्यांना हसू येईल. दोन वर्षांपूर्वी मलाही आले असते. एका विद्यार्थ्याने तासानंतर मोबाइल पुढे केला आणि म्हणाला, “सर, हे ऐकून पाहा ना.” ते मुंबईच्या ‘स्वदेशी’ या गटाचे गाणे होते. २०१३ मध्ये एकत्र आलेल्या या गटाचा ‘चेतावनी’ हा पहिला पूर्ण अल्बम २०२० मध्ये आला. मी तो हळूहळू, पुन्हा पुन्हा ऐकत गेलो.

‘स्वदेशी’विषयी जे लिहिले जाते ते बहुधा त्यांच्या निषेधाविषयी असते. निषेध आहेच, पण मराठी साहित्याला निषेध नवा नाही. शाहिरांनी, आंबेडकरी जलशांनी, दलित कवितेने तो कितीतरी आधी आणि अधिक धारदारपणे केला आहे. माझ्या मते या गटाचे खरे महत्त्व त्याच्या उच्चारात आहे. मराठी, हिंदी, गुजराती या भाषा इथे शेजारी बसतात आणि कोणीही कोणाची माफी मागत नाही. गुजरातीत रॅप करणारा धर्मेश परमार (एमसी तोडफोड) मार्च २०२२ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. याच वर्तुळातला अमरावतीचा सौरभ अभ्यंकर (‘हंड्रेड आरबीएच’) आपल्या वऱ्हाडी बोलीतच रॅप करतो.

राजुऱ्याला हे अनोळखी वाटू नये. हा तालुका हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात होता. चांदा जिल्ह्यात तो १९५९ मध्ये आला. इथल्या बाजारात एकाच व्यवहारात मराठी आणि तेलुगू चालते. गोंडी आणि कोलामी घराघरांत आहे. हे सगळे घेऊन विद्यार्थी वर्गात येतो आणि उंबऱ्यावर चपलांबरोबर काढून ठेवतो. काढून ठेवायला आम्हीच शिकवले आहे.

आता नेहमीचा आक्षेप: ही अमेरिकेची नक्कल. हिपहॉपचा उगम न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ च्या सुमारास झाला, हे खरेच. पण गझल आणि सुनीत कोठून आले? रूप कोठले, यापेक्षा ते इथे रुजण्यासाठी काय कष्ट घेतले, हा प्रश्न अधिक न्याय्य आहे. मृदंगवादक विवेक राजगोपालन यांच्या ‘ता धोम’ उपक्रमात ‘स्वदेशी’च्या कलावंतांनी कर्नाटक संगीतातील कोन्नकोल, म्हणजे तालाचे बोल तोंडाने म्हणण्याची कला, आत्मसात केली. ही नक्कल नव्हे, अभ्यास आहे.

दुसरा आक्षेप गंभीर आहे: कागदावर उतरवले की हे शब्द फिके पडतात. पडतात, पण डफाशिवाय पोवाडाही पडतो. १९४२ च्या चिमूरच्या उठावामागे तुकडोजी महाराजांच्या भजनांचे बळ होते. त्या भजनांतून खंजिरी वगळून त्यांचे मूल्यमापन कोण करील? श्राव्य रचनेची परीक्षा कानानेच व्हायला हवी.

मात्र कानाने परीक्षा म्हणजे सरसकट माफी नव्हे. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. त्यामुळे ‘जातो–गातो–खातो’ असे यमक फुकट मिळते. मराठी रॅपमधल्या कित्येक दुबळ्या ओळी या फुकटच्या यमकावर उभ्या असतात आणि जिथे प्रतिमा हवी तिथे घोषणा येऊन बसते. बोली इथे कामाला येते. ‘मले’, ‘काहून’, ‘रायलो’ या शब्दांना स्वतःचा आघात आहे. ‘काहून’च्या जागी ‘का म्हणून’ घाला, ताल लगेच अडखळतो. म्हणजे बोली ही नुसती भावनिक अस्मिता नाही, ती रचनेची गरज आहे. हे विद्यार्थ्याला दाखवून देणे मराठीच्या शिक्षकाचेच काम आहे.

२०१९ च्या ‘द वारली रिव्होल्ट’चा उल्लेख इथे अटळ आहे. आरेच्या जंगलावरील या गाण्यात आरेतलेच रहिवासी, वारली कलावंत प्रकाश भोईर स्वतः गातात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथे मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. झाडे वाचली नाहीत म्हणून गाणे फसले, असे मी म्हणणार नाही. आदिवासींचे दुःख दुसऱ्यांनीच मंचावरून सांगत राहण्याविषयी वाहरू सोनवणे यांनी मराठी कवितेत कधीच विचारले आहे. त्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर हे गाणे नाही, कारण चौकट अजून शहराचीच आहे. पण ध्वनिक्षेपक निदान हलला.

आमच्याकडे तो हलला आहे काय? ज्याने मला हे ऐकवले, त्याच्याच निबंधातल्या ‘मले’वर मी पहिल्या वर्षी लाल रेघ मारली होती, समासात ‘अशुद्ध’ असेही लिहिले होते. प्रमाणभाषा शिकवायलाच हवी. अर्ज आणि परीक्षा तिच्याशिवाय होत नाहीत. पण चूक आणि बोली यांतला फरक मी त्या दिवशी केला नाही. आता सर्जनशील लेखनात असा शब्द आला की मी तो खोडत नाही. तो तिथे का आहे, एवढे विचारतो.

तो मुलगा मोबाइलवर स्वतःच्या ओळी लिहितो, असे त्याचे मित्र सांगतात. मला त्याने त्या अजून दाखवलेल्या नाहीत.