रविवारची मासवडी
रविवारी दुपारी मंचर-नारायणगाव पट्ट्यातल्या मासवडीच्या खानावळींत तीन-तीन पिढ्या एकत्र जेवताना दिसतात. ओझर-लेण्याद्रीच्या गणपतींचं दर्शन झालेलं असतं, पोटात कावळे ओरडत असतात. मासवडी म्हणजे ओल्या फडक्यावर थापलेलं शिजवलेलं बेसन, त्यात तीळ, सुकं खोबरं, लसणाचं सारण. सोबत झणझणीत रस्सा आणि तव्यावरून थेट ताटात आलेली बाजरीची भाकरी. घरी हा घाट घातला, की सुनेचा अख्खा रविवार ओट्यापाशी जातो. इथे तीही सासूशेजारी बसून गरम गरम जेवते, याचं मला फार अप्रूप वाटतं. मात्र आत भाकऱ्या थापणाऱ्या बायकांचा रविवार कामातच जातो. २०१८ मध्ये इथला जुन्नर तालुका पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. त्या पर्यटनाचा पैसा आधी या हातांना मिळायला हवा.