लाल पुरचुंडी

परवा आमचा नातू फराळाच्या डब्यांपाशी बसलेला सापडला. आमच्या मंडळींना वाटले, स्वारी चकल्यांवर डल्ला मारते आहे. पण पठ्ठ्या चक्क तराजू घेऊन बसला होता! भाऊबीज उरकली की मित्रांबरोबर तीन दिवस सह्याद्रीत भटकायला जायचे, त्याच्या शिध्याचा हिशेब चालला होता.

"आजोबा, तिसऱ्या दिवसाचं काही नेत नाही. वाटेत एखाद्या वाडीत मिळेलच की!"

'मिळेलच' हा शब्द ऐकला आणि मला माझी मामी आठवली.

माझे आजोळ पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. मामा परवानाधारक शिकारी. डुकरे शेताची नासधूस करू लागली की मामाची बंदूक खुंटीवरून उतरे आणि दोन मित्रांसह तो तीन-तीन दिवस रानात जाई. बंदूक मामाची, पण मोहीम खरी मामीची. माणशी दिवसाला पाऊण किलो कोरडा शिधा, हे तिचे माप. प्रत्येक दिवसाची पुरचुंडी वेगळी. अंधारातही चाचपून कळावे म्हणून पहिल्या दिवसाच्या दोरीला एक गाठ, दुसऱ्याच्या दोन, तिसऱ्याच्या तीन.

आधी नासणारे आधी खायचे, हा तिचा कायदा. पहिल्या दिवशी पोळ्या आणि बटाट्याची सुकी भाजी. दुसऱ्या दिवशी दुधात भिजवलेल्या दशम्या नि शेंगदाण्याची चटणी. तिसऱ्या दिवशी तांदूळ, लवकर शिजणारी मुगाची डाळ आणि सुकट. ओल्या खोबऱ्याला मज्जाव. मीठ दोन ठिकाणी, म्हणजे एक भिजले तरी दुसरे हाताशी. आणि या सगळ्यांवर एक लाल फडक्यातली पुरचुंडी. तिच्यात सातूचे पीठ, गूळ आणि शेंगदाण्याचे लाडू. ती उघडायची नाही!

मामाला त्या लाल पुरचुंडीचा भारी राग. "म्हणजे शिकार मिळणार नाही, असं तू धरूनच चालतेस!" मामी म्हणे, "मिळाली तर देवाची कृपा. कृपा काही पिशवीत भरता येत नाही."

१९६६ च्या दिवाळीच्या सुट्टीत मामाने मलाही बरोबर नेले. मी अकरा वर्षांचा. निघताना त्याने हळूच तीन गाठींची आणि लाल अशा दोन्ही पुरचुंड्या कणगीमागे सारल्या. "उद्या दुपारपर्यंत डुक्कर पडतंय. हे ओझं कुणी वाहायचं?"

बाजारात तुरी म्हणतात ना, तशातली गत. दोन दिवस डुकराचे शेपूटही दिसले नाही. दुसऱ्या रात्री पाऊस कोसळला. सकाळी पाहतो तर घरच्या वाटेवरचा ओढा दुथडी भरलेला. तो दिवस एका कपारीत बसून काढला. पोटात कावळे ओरडत होते आणि तीन शिकारी एकमेकांकडे पाहायचे टाळत होते.

बरोबर एक म्हातारा वाटाड्या होता. वाटाड्याने आपली भाकरी आपण आणायची, ही तेव्हाची रीत. त्याने घोंगडीतून नाचणीच्या दोन भाकरी काढल्या. एक अख्खी माझ्या हातावर ठेवली, दुसरीचे तीन तुकडे केले. "आन् तुमाला वो बाबा?" मी विचारले. "म्या सकाळीच खाल्ली," तो म्हणाला. मी बेधडक खाल्ले.

चौथ्या दिवशी घर गाठले. म्हातारा उंबऱ्याशीच मटकन बसला. मामीने त्याच्याकडे एकवार पाहिले. "बाबा, शेवटचं कधी जेवलात?"

"परवा राती."

मामी काही बोलली नाही. तिला कणगीमागे सापडलेल्या दोन्ही पुरचुंड्या तशाच ठेवल्या होत्या. तिने लाल पुरचुंडी सोडली आणि पहिला लाडू म्हाताऱ्याच्या हातावर ठेवला. मामाची मान खाली. पुढच्या खेपेला मात्र तो आपण होऊन म्हणाला, "चौघांचं नको, पाचजणांचं बांध."

१९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि मामाची बंदूक कायमची खुंटीला लागली. १९८५ साली तेथील रान कोयना अभयारण्यात गेले. हे योग्यच झाले. पण मामीची विद्या टाकाऊ झालेली नाही.

नातवाला सगळे सांगितले आणि मग दोघे मिळून हिशेबाला बसलो. दिवसभर चढउतार करणाऱ्याला ३००० ते ४००० कॅलरी लागतात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत ५५० च्या वर कॅलरी. तेवढ्याच उकडलेल्या बटाट्यात ९० देखील नाहीत, कारण बटाटा म्हणजे बहुतेक पाणीच. पाणी पाठीवर वाहायचे ते बाटलीत, बटाट्यात नव्हे! त्या मानाने आपला फराळ किती शहाणा पाहा. बेसनाचा लाडू, शंकरपाळे यांत पाणी थोडे, तूप भरपूर. जागा कमी, टिकाऊपणा जास्त. चिवडा वजनाला हलका, पण पिशवी अडवतो. अनारशांनी मात्र घरीच थांबावे, त्यांचा चुरा होतो.

तीन पुरचुंड्यांना गाठी मारून झाल्या. सौभाग्यवतींनी लाल फडके आणून दिले. नातू लाडू मोजू लागला आणि मध्येच थांबला.

"आजोबा, तिथला वाटाड्या धरून किती घेऊ?"

मामी असती तर तिने त्याची दृष्टच काढली असती.