ध्वनिमुद्रणांचे भाषासंकेत आणि आगरी

ठाणे, कल्याण, डोंबिवली या परिसरातील आगरी लग्नांत धवलारीण गाते ते धवळे ध्वनिमुद्रित करण्याची निकड आता वेगळी सांगावयास नको. परंतु मुद्रणाच्या फाईलमध्ये भाषेचा संकेत कोणता नोंदवावा, हा प्रश्न तांत्रिक समजून संगणकचालकावर सोपविला जातो. वस्तुतः तो भाषाभ्यासकाचा प्रश्न आहे.

मात्रोस्का या प्रचलित फाईल-प्रकारात भाषेची नोंद केलीच नाही, तर ध्वनी इंग्रजी आहे असे गृहीत धरले जाते. केवळ अनवधानाने धवळे इंग्रजी ठरतात! एमपी-फोरच्या मूळ रचनेत भाषेसाठी तीनच रोमन अक्षरांची जागा असते. तेथे ‘एम-ए-आर’ लिहिले की मराठी नोंदली जाते, आगरी मात्र लोपते.

ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) आगरी व वारली या दोहोंचा विचार मराठीच्या कोकणातील रूपांत केलेला आहे. २००७ मध्ये आलेल्या आयएसओ ६३९-३ या प्रमाणकाच्या सूचीत वारलीला ‘व्ही-ए-व्ही’ हा स्वतंत्र संकेत आहे, आगरीला नाही. यावरून एक भाषा व दुसरी बोली असा निष्कर्ष काढणे सयुक्तिक ठरणार नाही. ही सूची प्रस्ताव येतील तशी बदलत जाते. तिच्यातील अनुपस्थिती हा भाषावैज्ञानिक निवाडा नव्हे.

स्वतंत्र संकेताची मागणी जरूर व्हावी. पण तिला आधार लागेल तो याच मुद्रणांचा. तोवर बीसीपी ४७ या पद्धतीचा अवलंब इष्ट होय. तीत मराठीच्या ‘एम-आर’ या संकेतापुढे खासगी वापराचे ‘एक्स’ हे चिन्ह आणि त्यापुढे बोलीचे नाव रोमन अक्षरांत जोडता येते. वरील दोन्ही फाईल-प्रकारांत आता तशी सोय आहे.

आगरीला मराठीच्या संकेताखाली ठेवणे म्हणजे तिचे गौणत्व मान्य करणे, असा आक्षेप संभवतो. तो रास्त असला तरी निर्णायक नाही. उद्या स्वतंत्र संकेत मिळालाच, तर एकाच खुणेने नोंदलेली सर्व मुद्रणे एकदम वेगळी काढता येतील; नुसती ‘मराठी’ म्हणून साठविलेली मात्र एकेक ऐकूनच निवडावी लागतील.

अर्थात खासगी खुणेला अर्थ येतो तो परस्परसंमतीने. एका महाविद्यालयाने बोलीचे नाव एका ‘ए’ने व दुसऱ्याने दोन ‘ए’ने लिहिले, तर संग्रह विखुरलाच म्हणून समजावे. म्हणून बोलींच्या नावांचे रोमन लेखन मराठी विभागांनी एकत्र बसून निश्चित करावे, आणि तेही मुद्रणे हाती घेण्यापूर्वी.